दिव्याच्या नावाची मूठ

मी घर सोडलं त्या सकाळी माझ्या हातावर दही ठेवलं ते मायने नाही, रंजनावहिनीने. मिरचीचे दिवस होते. अंगणात लाल मिरचीचा ढीग पडला होता आणि माय उजाडल्यापासून देठं खुडत बसली होती. मिरची खुडलेला हात दुसऱ्याच्या तोंडाला लावायचा नसतो, हे आमच्या रनाळ्यात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. म्हणून माय हात मागे धरून उंबऱ्यात उभी राहिली आणि कुंकू, दही, साखर सगळं वहिनीने केलं. भावाचं लग्न होऊन दोन महिनेही झाले नव्हते. हातावरची मेंदी पुरती उतरली नव्हती, आणि ही मला माझ्याच घरातून वाटेला लावत होती!

मला रडू फुटलं तशी माय म्हणाली, "रडू नको माय, डोया सुजतीन. फोटोमधली कोन अन ही कोन, विमानवाला परत धाडी देई."

सगळे हसले. मीही हसले. पण गाडी वळल्यावर मागे पाहिलं तर दारात माय आणि वहिनी, दोघीच. वहिनीने मायच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या हाताचा मला जो राग आला, तो थेट इटलीपर्यंत माझ्याबरोबर आला. सामानात त्याचं वजन कुणी धरलं नाही, एवढंच.

माझ्यासारख्या घर सोडून गेलेल्या बायांनो, आणि रनाळ्यात राहिलेल्या माझ्या माणसांनो, आपण एकमेकांशी फार गोड बोलतो. तिकडून तुम्ही म्हणता, मजा आहे बाई तुझी. इकडून आम्ही म्हणतो, गावासारखं सुख नाही. खरं कुणी बोलत नाही. मी बोलते. मला मत्सर वाटतो. भरपूर वाटतो. मिलानमध्ये सकाळी मोकाच्या भांड्यात कॉफी खळखळते, खिडकीतून ट्राम जाताना दिसते, आणि फोनवर माय सांगत असते, "रंजनाने आज कळण्याची भाकर केली. रंजनाने पडदे बदलले. रंजनाने मला डॉक्टरकडे नेलं." माझ्याशी फोनवर बोलायचं म्हणून माय जरा शुद्ध बोलते, ते वेगळंच दुखणं. पाहुण्याशी बोलतात तसं. वहिनीशी मात्र तिची अहिराणी मोकाट सुटलेली असते, मागून ऐकू येते.

माझा नवरा सांगलीकडचा. माणूस चांगला, यंत्रांच्या कंपनीत आहे, पण त्याला आमचं शे आणि त्याचं आहे यातलं काही सांगायला जावं तर म्हणतो, किती गोड भाषा. गोड! आमची भाषा ऐकून गोड म्हणणारा हा एकटाच. पहिली दोन वर्षं मी घरात बसून काढली. मग इटालियन जेमतेम बोलता यायला लागली तेव्हा कालव्याजवळच्या एका दुकानात काम मिळालं. जुन्या वस्तूंचं दुकान, पण जुन्या म्हणजे पितळी समया नव्हेत. आपले आईबाप तरुण होते त्या काळातल्या खुर्च्या, टेबलं, दिवे. संग्राहक लोक ते शोधत येतात. माझं काम पुसणं आणि बांधणं. काच कशी गुंडाळायची ते मी तिथे शिकले. मालकीणबाई सत्तरीच्या, त्यांना मी सिनिओरा म्हणते.

तो दिवा तिथे मागच्या फळीवर होता. टेबलावर ठेवायचा दिवा. खाली काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा चौकोनी ठोकळा, त्यात एक पिवळा दांडा, तोही जरा कलता, दांड्याच्या दोन बाजूंना चकत्या, एक लाल आणि एक हिरवट निळी, आणि सगळ्यात वर दुधी काचेचा गोळा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, कुणाच्या तरी पोराने शाळेत केलेला दिसतोय. सिनिओराने सांगितलं, पोस्टमॉडर्न. बनवणाऱ्याचं नाव घेताना तिने देवळात घेतात तसा आवाज उतरवला. याची किंमत आमच्या भावाच्या ट्रॅक्टरच्या घरात जाते, हे कळल्यावर मी फडकं बाजूला ठेवून दोन्ही हात लुगड्याला, म्हणजे ॲप्रनला, पुसले.

पण रोज पुसता पुसता तो आवडायला लागला, त्याला काय करणार? त्या पोस्टमॉडर्नवाल्यांनी त्या काळी म्हणे ठरवलं होतं, फार झालं साधंसुधं आणि शहाण्यासारखं, आता रंग हवेत, गंमत हवी. मला आमच्या लग्नाच्या मांडवाची आठवण यायची. तिथेही कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी ठेवायचा हे कुणी कुणाला विचारत नाही. एक जर्मन गिऱ्हाईक दोनदा येऊन तो उलटासुलटा करून पाहून गेलं. तो जर्मन आला की मी उगाच फडकं घेऊन मध्ये उभी राहायचे. पण त्याला ठोकळ्याच्या कोपऱ्याचा उडालेला टवका दिसला आणि त्याने नाक मुरडलं. संग्राहकांना टवका चालत नाही. मला चालतो. सिनिओराने त्या नाताळात तो मला देऊन टाकला, म्हणाली, तू याच्याकडे पाहतेस तसं माझ्याकडे कुणी पाहिलं असतं तर मी दुकान काढलंच नसतं.

तर असा तो दिवा माझा झाला. आणि तो मी मिलानच्या घरात का ठेवला नाही? एका झुंबरामुळे.

भावाने घरावर स्लॅब टाकली आणि नवा हॉल काढला. व्हिडिओवर माय मला हॉल दाखवत होती. फोन वर धरून म्हणाली, "हे बघ, रंजनाने आणलं सुरतहून." काचेच्या लोलकांचं झुंबर. सोन्याचा मुलामा. मायच्या चेहऱ्यावर त्याचे ठिपके पडले होते आणि ती पोरीसारखी वर बघत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या घरात माझं म्हणावं असं काय उरलं होतं? माझी खोली गोठ्याच्या चाऱ्याला गेली होती. माझी सायकल भंगारात. मायने संध्याकाळी बटण दाबावं आणि तिला मी आठवावी, अशी एक वस्तू त्या घरात पाहिजे. मी तिथेच ठरवलं. तिच्या खाटेच्या उशाशी, झुंबराच्या हॉलमध्ये नाही, तिच्या खोलीत, माझा दिवा लागेल.

मागच्या श्रावणात मी तो घेऊन निघाले, मुद्दाम कानबाईच्या सणाच्या वेळेला. काचेचा गोळा माझ्या स्वेटरमध्ये, स्वेटर मांडीवर, विमानात मी धड जेवले नाही. मुंबईहून रेल्वेने सुरतमार्गे, मग नवापूर, चिंचपाडा, खांडबारा. प्रत्येक धक्क्याला मी स्वेटर चाचपत होते. समोरच्या बाईने विचारलंच, बाळ आहे का म्हणून.

घरी पोचले तर वहिनीचा पहिला प्रश्न, "ताई, खांडबाऱ्याले गाडी थांबनी व्हती का?" खांडबारा तिचं माहेर. मी म्हटलं, थांबली होती, का? "काही नही," म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. मी म्हटलं, मी सातासमुद्रापलीकडून आलेय आणि हिला गाडीची पडलीय.

मायने दिवा हातात घेतला, फिरवून पाहिला, चकतीवर टिचकी मारली. "हे काय शे? खेळनं शे का?" मी सगळं सांगितलं, इटलीचा मोठा कारागीर, नामांकित वस्तू, लोक कसे मागे लागतात. ती म्हणाली, "मंग त्याले सरळ दांडा नही मियना का?" वहिनी तोंडाला पदर लावून हसली. मी तेही मनात ठेवलं.

प्लग आपल्याकडे बसेना. मी काही म्हणायच्या आत भावाने पक्कड आणली, मूळ प्लग कापला आणि इस्त्रीचा जुना प्लग जोडून दिला. तिकडच्या एखाद्या संग्राहकाने ते पाहिलं असतं तर जागीच आडवा झाला असता. दिवा मात्र लागला. दुधी काच भरून आली, पिवळा उजेड भिंतीवर सांडला आणि माय तिकडेच बघत राहिली. मला तेवढं पुरलं.

ज्यांना कानबाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. खानदेशात दिवाळीला एखादा घरी आला नाही तर चालतं, कानबाईला यावंच लागतं. सगळे भाऊबंद जमतात, घराला रंग लागतो, नारळाची देवी करून तिला डोळे, नथ, लुगडं घालून चौरंगावर बसवतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी नदीवर नेतात. आणि रोट असतात. प्रत्येक घराण्याची रीत थोडी वेगळी, आमच्याकडे घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, त्याच पिठाचे रोट. ते घराबाहेर द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, घरच्यांनीच संपवायचे. सून आली की तिच्या नावाची मूठ सुरू. लेक लग्न होऊन गेली की तिची मूठ बंद, तिने रोटाला शिवायचंही नाही. ज्यांची सासरं खानदेशातली त्यांना तिकडे तरी रोट मिळतो. सांगलीला कानबाईच नाही. म्हणजे मी इथलीही नाही आणि तिथलीही नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, रोटाचा घास माझ्या तोंडात गेलेला नाही.

रविवारी चौरंग मांडला तेव्हा वहिनीने माझा दिवा उचलून देवीच्या बाजूला ठेवला. "उजेड पडी तोंडवर," म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. झुंबर तिकडे हॉलमध्ये आणि देवीशेजारी माझा दिवा! दिवेलागणीला गल्लीतल्या बाया यायला लागल्या. सगळ्यात पुढे शेजारची इंदूमावशी, तिला डोळ्यांनी कमी दिसतं पण पहिला मान तिचाच. तिने कानबाईला हळदकुंकू लावलं, मग दिव्यापुढे थबकली. गोरा गोल चेहरा, दोन बाजूंना दोन चकत्या, खाली पट्ट्यापट्ट्यांचं आसन.

"ही कोन? यंदा रानबाईबी बसाडी का ओ?" रानबाई म्हणजे कानबाईची बहीण. काही घरांत दोघींना बसवतात, आमच्याकडे कधी नव्हती.

मी म्हटलं, "मावशी, दिवा शे तो."

"व्हय ना, तोंड कसं उजई ऱ्हायनं! कितली गोरी शे माय!" आणि तिने काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं.

एकीने लावल्यावर बाकीच्या का मागे राहतील? कुणी गजरा अडकवला, कुणी लाल चकतीवर नथ टांगली, ब्लाउजपीस पांघरलं. कुणीतरी ओटी भरली, तांदूळ त्या काळ्यापांढऱ्या ठोकळ्यावर सांडले. गाण्यांत कानबाईच्या पाठोपाठ रानबाईचंही नाव येऊ लागलं. बाहेरगावी दिलेली बहीण घरी आली म्हणून! मी आधी पोट धरून हसले. फोटो काढले, सिनिओराला पाठवायचे म्हणून. मग हसू थांबलं. बाहेरगावाहून खरोखर आलेली मी दाराशी चपलांजवळ उभी होते आणि माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. मायकडे पाहिलं, हा दिवा आहे हे ती सांगेल सगळ्यांना म्हणून. माय हात जोडून बसली होती, माझ्या दिव्यापुढे.

सोमवारी नदीवरून आल्यावर पंगत बसली. ओसरीत भाऊबंद, आत त्यांच्या बायका, सगळ्यांच्या ताटात रोट. माझं ताट वहिनीने वेगळं आणलं. खीर होती, डांगराची भाजी होती आणि साधी पोळी. तिने फार प्रेमाने आणलं होतं, तेच सोसलं नाही. एरवी मी तिला वहिनी, तुम्ही असंच म्हणते. त्या दिवशी सुटलं तोंडातून, "तू खांडबाऱ्यानी, तुले रोट. मन्हा जलम ह्या घरमा, अन माले साधी पोई?"

पंगतीत कुणाला ऐकू गेलं नाही. वहिनीला गेलं. ती ताट हातात धरूनच खाली बसली.

"ताई, मन्हा माहेरलेबी आजच कानबाई शे," ती म्हणाली. "तठे मन्ही मूठ बंद. अन आठेनं समदं सोडीसन मी जाई सकत नही. लगीन व्हयनं तशी मी एक सालबी तठे गई नही. तुम्हले वाढाले तुम्हनी माय तरी समोर शे. मन्ही माय फोनवर इचारस, व्हयनं का समदं?"

गाडी खांडबाऱ्याला थांबली होती का, हे तिने का विचारलं ते तेव्हा कळलं. मी पोळीचा तुकडा मोडला. तिला वाईट वाटत होतं, मलाही वाटत होतं, आणि तरी, सांगते ना खरं बोलणार म्हणून, माझ्या मनात आलं, दुःखातही हीच माझ्या पुढे! दोघी जेवलो. तिने माझ्या खिरीत तूप जरा जास्तच घातलं.

निघायच्या दिवशी मी दिवा मायच्या खोलीत नेऊन ठेवायला गेले तर माय आडवी आली. "नही. तिनी ओटी भरेल शे. ती देवघरमाच ऱ्हाई." झालं. माझा दिवा देवघरात गेला आणि त्याचं बटण संध्याकाळी वहिनीच्या हाती. मिलानला परतल्यावर व्हिडिओ लावला की मायच्या मागे तो दिसायचा, कपाळावर ताजं कुंकू, चकतीला फूल. माय दिवसातून दोनदा त्याच्यासमोर बसते म्हणे. माझ्याशी आठवड्यातून एकदा बोलते. आता मला वहिनीचा मत्सर वाटायचा की दिव्याचा, याचाच गोंधळ व्हायला लागला. सिनिओराला सांगितलं तर ती टेबलावर थाप मारून हसली. त्या बनवणाऱ्याला हे कळायला हवं होतं म्हणाली. मला हसू आलं नाही.

या श्रावणात मला रजा मिळाली नाही. कानबाई झाल्यावर फोन केला. कसं झालं, कोण कोण आलं, सगळं विचारून झालं. माय म्हणाली, यंदा एक मूठ वाढली. मला वाटलं कुणाच्या घरी सून आली.

"नही वं. रानबाईनी धरी."

"दिव्याची?"

"मंग? कुंकू लायं, ओटी भरी, गाना म्हनात, सालभर घरमा शे. घरनीच व्हई गई ती. घरना मानूसनी मूठ धराले नको का?"

मी फोन कानाला धरून खिडकीशी उभी राहिले. टवका उडालेला दिवा. जर्मनाने नाकारलेला. इस्त्रीचा प्लग लावलेला. मी त्याला मांडीवर घेऊन नेला होता आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू निघाले! माझ्या नावाने नाही. मी मायला ते म्हटलं. मिलानच्या शेजाऱ्यांना भिंतीतून ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, अहिराणीत, तोंडाला येईल ते म्हटलं. दिव्याला घर मिळतं आणि लेकीला पोळी मिळते, हेही म्हटलं.

मागून वहिनीचा आवाज आला, "ताई, तुम्हना दिवाना रोटबी मालेच खाना पडना! तो काय तोंड उघाडस? टाकाना नही, कोनले देवाना नही. पोट फुटी ऱ्हायनं मन्हं. पुढला सालले तुम्ही या अन तुम्हीच खा बरं त्याना वाटाना!"

मी मायच्या रागावण्याची वाट पाहिली. नियमाच्या बाबतीत माय कुणाचं ऐकत नाही. बाबा असताना त्यांचंही ऐकलं नव्हतं. मग ती फोनच्या अगदी जवळ आली असावी, कारण तिचा श्वास ऐकू आला. पाहुण्यांशी बोलायची भाषा नव्हती ती.

"ये," माय म्हणाली. "मांगना दारघाई ये. कोनले सांगू नको."

मागच्या दाराने. चोरून. माझ्या नावाचा नाही, दिव्याच्या नावाचा. ते मला बोचतं, अजून बोचतं, आणि रोट तोंडात असतानाही बोचेल. पण पुढच्या श्रावणाची रजा मी आत्ताच लिहून दिली आहे. घर म्हणजे काय असं इथे कुणी विचारलं की मी पूर्वी रनाळ्याचा फोटो दाखवायचे. आता दाखवत नाही. ज्या बाईने आयुष्यात देवाचा नियम मोडला नाही, ती माझ्यासाठी मागचं दार उघडं ठेवणार आहे, हे फोटोत कसं दाखवायचं?

रनाळ्याच्या भाऊबंदांनो, तुमच्यापैकी कुणी हे वाचलंच असेल, तर तोंड बंद ठेवा.